पोर्चच्या स्टॅम्प काँक्रीटवर पांढरे चट्टे आलेत, वरून परत सीलर मारू का?

सांगलीकर_प्राजक्ता | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आमच्या बंगल्याचं पोर्च आणि गेटपासूनचा रॅम्प स्टॅम्प काँक्रीटचा आहे, दगडी फरशीचा ठसा, विटकरी रंग आणि फटींमधे काळपट छटा. केलं तेव्हा येणारा जाणारा थांबून विचारायचा कुठून आणला हा दगड. चार पावसाळे झाले आता. यंदा गणपतीच्या आधी रंग फिका वाटायला लागला म्हणून एकाकडून वरून चकचकीत सीलर (काँक्रीटवरचा पारदर्शक संरक्षक थर) मारून घेतला, तो म्हणाला डबल कोट देतो ताई काचेसारखं दिसेल, आणि दिसलंही, पण मग पाऊस लागून राहिला तसे पांढरे ढगाळ चट्टे उठायला लागले. लॉनच्या कडेला आणि तुळशीवृंदावनाच्या भोवती जास्त, मधे कमी. एका ठिकाणी नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. गेटच्या खांबाच्या कोपऱ्यापासून एक तिरकी भेगही गेलीय, आधी केसाएवढी होती, आता पोस्टकार्ड जाईल एवढी. आणि ओलं झालं की इतकं निसरडं होतं की सासरे आता मधून येतच नाहीत, भिंतीला धरून कडेकडेने येतात.

तोच माणूस म्हणतोय अजून एक कोट मारला की चट्टे दाबले जातील. दिवाळी तोंडावर आहे, पाहुणे येणार. मारू का?

खवचट_खान्देशी | १२ ऑक्टोबर, रात्री १०.५२

काँक्रीटवर दगडाचा ठसा मारायचा, मग दगडासारखं दिसावं म्हणून रंग मारायचा, मग रंग दिसावा म्हणून काच मारायची. त्यापेक्षा दगडच का नाही टाकला? उखडा आणि शहाबादी टाका, विषय संपला.

जुना_सिव्हिल | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

प्राजक्ताताई, मुळीच मारू नका. दिवाळीला आहे तसंच राहू दे, वर मोठी रांगोळी काढा.

पांढरं दिसतं म्हणजे काय दिसतं हे आधी ठरवलं पाहिजे, कारण पांढरं दिसायची कारणं वेगवेगळी असतात आणि औषधंही. पहिलं म्हणजे क्षार. सिमेंटमधला चुना खालून येणाऱ्या पाण्यात विरघळून वर येतो, हवेतल्या कार्बन डायॉक्साईडशी त्याचा संबंध आला की कॅल्शियम कार्बोनेट होतं, तीच ती पांढरी पूड. दुसरं म्हणजे सीलरच आतून पांढरा पडलेला, ओलसर काँक्रीटवर मारला किंवा मारल्यावर खालून ओल आली की ती त्याच्यात अडकते आणि तो दुधाळ दिसतो. तिसरं म्हणजे सीलर काँक्रीटपासून सुटलाय आणि मधे हवा गेलीय. तुमच्याकडे पापुद्रा निघतोय म्हणजे तिसरं आहेच, आणि लॉनच्या कडेला जास्त आहे म्हणजे पाणी तिकडून येतंय असा माझा संशय आहे.

घरच्या घरी बघता येईल. एका चट्ट्यावर कापसाने थोडं झायलीन, म्हणजे सीलर विरघळवणारा द्राव, लावा (दारंखिडक्या उघड्या, हातमोजे, आसपास पणती उदबत्ती सिगारेट काही नको, भडका उडतो). ओलं असताना सगळंच स्वच्छ दिसेल त्याला भुलू नका, पूर्ण वाळल्यावर बघा. चट्टा गेलेलाच राहिला तर दोष सीलरमधे आहे, परत आला तर खाली क्षार आहेत किंवा ओल चालू आहे. दुसरी परीक्षा, जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून ठेवा, किमान १६ तास. खालच्या बाजूला दव जमलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर खालून ओल येतेय. लॉनच्या कडेला एक आणि मधे एक असे दोन लावा.

आणि हे सांगा: लॉनची माती पोर्चच्या वर आहे का खाली? काळी माती आहे का? खाली मुरूम किती भरला होता? पोर्चला जॉइंट कापलेत का?

खान्देशी भाऊ, शहाबादी हा चुनखडीचा दगड, त्यालाही खालून ओल आली की क्षार फुटतात आणि वर कोणी फरशीवर ॲसिड ओतलं की ते त्यालाही खातं. पाण्याचा बंदोबस्त दोन्हीकडे करावाच लागतो.

सांगलीकर_प्राजक्ता | १३ ऑक्टोबर, दुपारी २.०५

काका खूप धन्यवाद. माती काळीच, सांगलीत दुसरी कुठली असणार. मुरूम टाकला होता पण किती ते मिस्टरांना आठवत नाही. लॉन पोर्चपेक्षा चांगलं चार बोटं वर आहे, दरवर्षी माळी वर माती टाकतो ना. ड्रिप पोर्चच्या कडेनेच गेलंय. जॉइंट म्हणजे ते ठशातल्या रेषा का? त्या आहेत की भरपूर.

जुना_सिव्हिल | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

ठशातल्या रेषा वेगळ्या, त्या वरवरच्या. जॉइंट म्हणजे मशिनने कापलेला खाच, स्लॅबच्या जाडीच्या पाव भाग खोल. चार इंचाचा स्लॅब असेल तर एक इंच, आणि आठ ते दहा फुटांवर एकेक. काँक्रीट आकसणारच, ते कुठे फाटायचं हे आपण आधी ठरवून द्यायचं म्हणजे ते रेषेत फाटतं आणि दिसत नाही. स्टॅम्पवाले बरेचदा डिझाइन बिघडेल म्हणून कापत नाहीत किंवा पार उशिरा कापतात, तोवर ते स्वतःच फाटून मोकळं झालेलं असतं. खांबाचा आतला कोपरा म्हणजे तर हमखास जागा, तिथूनच तिरकी निघते.

त्यात काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, शेतात बघताच. तुमच्याकडे लॉनकडची बाजू ड्रिपमुळे बारमाही ओली आणि रस्त्याकडची कोरडी, म्हणजे एकाच स्लॅबची एक बाजू उचलली जातेय आणि दुसरी बसतेय. म्हणून ती भेग मेलेली नाही असं धरून चला. तपासायला भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक फुल्या मारा, अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवा, महिन्याने परत मोजा. हलत असेल तर त्यात सिमेंट किंवा इपॉक्सी भरून उपयोग नाही, शेजारी नवीन फाटेल.

आत्ता लगेच करायचं ते एवढंच, ड्रिप बंद करा किंवा तीन फूट आत सरकवा, आणि माळ्याला सांगा कडेची माती पोर्चच्या खाली उतरव. बाकी सगळं थंडीत.

रंगारी_दादा | १३ ऑक्टोबर, रात्री ११.१०

ताई मी इचलकरंजीत हेच काम करतो, इपॉक्सी पण आणि स्टॅम्पचं सीलिंग पण. सिव्हिल काकांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त हातातलं सांगतो.

ॲक्रिलिक सीलर पातळ मारायचा असतो, दोन कोट पण दोन्ही पातळ, एक उभा एक आडवा. जाड ओतला की वरून साय धरतो आणि आतलं सॉल्व्हंट (उडून जाणारा द्राव) अडकतं, मग बुडबुडे येतात, पांढरा पडतो, सुटतो. गिऱ्हाईकाला चकाकी दिसली पायजे म्हणून ओततात लोक. कोट जास्त झाले की काँक्रीटला श्वास घ्यायला जागाच राहत नाही.

सगळीकडे सुटला नसेल तर झायलीन रोलरने हलकं फिरवून जुना सीलर परत मऊ करून पसरवता येतो, आतली ओल हवा निघून जाते, अर्ध्या कामात तेवढ्यावर भागतं. पण तुमच्याकडे पापुद्रा निघतोय म्हणजे ते भागणार नाही, काढावा लागेल. आणि दुकानात जाऊन थिनर द्या म्हणू नका, थिनर म्हणून काहीही देतात, सीलरच्या डब्यावर कुठलं लिहिलंय ते बघून तेच घ्या. चार वाजता तापलेल्या स्लॅबवर कोणी मारायला आला तर परत पाठवा. सकाळी दव वाळल्यावर किंवा ऊन उतरल्यावर. आपल्याकडं डिसेंबर जानेवारी एकदम बेस्ट.

देवगडची_माई | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

धागा छान चाललाय, मधेच माझं घुसवते. आमच्या जुन्या घराची ओटी लाल कोब्याची, म्हणजे लाल सिमेंटची, आहे, सासऱ्यांच्या वेळची, घोटून घोटून अशी केलेली की तोंड दिसायचं. आता उंबऱ्याजवळ ताटलीएवढे खळगे पडलेत आणि भिंतीच्या कडेला पांढरं धरतं. खाली जांभ्याचं जोतं. मुलगा म्हणतो वरून लाल ऑइलपेंट मारू, पुतण्या म्हणतो इपॉक्सी. मला दोन्ही पटत नाही पण का ते सांगता येत नाही.

जुना_सिव्हिल | १४ ऑक्टोबर, सकाळी ११.४५

माई, तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. जांभा पाणी ओढतो, पावसाळ्यात जोत्यातून ओल वर चढते आणि कोब्यातून हळूहळू बाहेर उडून जाते. वर पेंट किंवा इपॉक्सीचं झाकण बसवलं की ती ओल अडकते आणि वर्ष दोन वर्षांत पोपडे निघतात, ओटीवर थेट ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळाही पडतो. कोबा उघडाच ठेवा.

भिंतीच्या कडेचं पांढरं आधी कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाणी लावून पुसू नका कारण ते विरघळून परत आतच जातं. टॉयलेट साफ करायचं ॲसिड अजिबात नको, लाल रंग सिमेंटने धरून ठेवलेला असतो आणि ॲसिड तेच सिमेंट खातं, मग पुसताना फडकं लाल व्हायला लागतं.

खळगे भरायला जुन्या हाताचा गवंडी शोधा, सगळं त्याच्यावर आहे. खळग्याची कड छिन्नीने सरळ उभी कापून घ्यायची, कड निमुळती ठेवली तर तिथूनच कपची उडते. पूड ब्रशने काढून रात्रभर भिजवायचं, भरताना वर पाणी उभं नको. सिमेंट आणि रेड ऑक्साइड कोरडंच एकत्र करून चाळणीतून काढायचं, ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको, जास्त घातलं की रंग गडद होत नाही, माल कमजोर होतो. आधी एका तुटक्या कौलावर नमुना करून पंधरा दिवस वाळू द्या आणि मग रंग जुळवा, ओला माल नेहमी गडद दिसतो. भरून झाल्यावर थापीने घोटायचं, माल ओढायला लागला की परत, परत. नंतर ओलं गोणपाट, पण चांगलं धुतलेलं, नाहीतर त्याचे डाग बसतात. निदान आठ दहा दिवस पाणी मारायचं. ठिगळ दिसणार, ते अगदी लपणार नाही, दोन चार वर्षं पायाखाली गेलं की मिसळतं.

देवगडची_माई | १४ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

ठिगळ दिसलं तर दिसू दे, घर जुनं आहे हे कोणापासून लपवायचंय :) आम्ही पूर्वी खोबऱ्याचा चोथा फडक्यात बांधून ओटीवर फिरवायचो, ते करू का परत?

जुना_सिव्हिल | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.००

करा की, उत्तम. फक्त पावसाळा संपल्यावर, आणि हात हलका. तेल जास्त झालं की धूळ धरतं, मुंग्या लागतात आणि पाय घसरतो. नंतर कोरड्या कापडाने खसखसून पुसा. मेणाचं फ्लोअर पॉलिशही चालतं.

गोंयचो_पाव | १४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

आमच्या मडगावच्या घरात सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या लाद्या आहेत, वरचा फक्त पातळ थर रंगीत असतो. एका पॉलिशवाल्याने मशीन लावून सपाट करू म्हणून जोरात घासलं आणि दोन लाद्यांची फुलं गेली. काका म्हणतात ते लाद्यांनाही लागू, कमी घासा, ॲसिड नको.

एडिसनकर | १५ ऑक्टोबर, पहाटे ५.१०

आमच्याकडे न्यू जर्सीत मागच्या अंगणात स्टॅम्प काँक्रीटचा पॅटिओ आहे, इथे घरोघरी असतो. पांढरेपणाचं दुखणं सेम आहे पण आमचा मुख्य शत्रू बर्फ. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, काँक्रीटच्या छिद्रात असेल तर वरचा पापुद्राच उडवतं, रंग त्या पापुद्र्यातच असतो. म्हणून इथे ओततानाच काँक्रीटमधे मुद्दाम बारीक हवेचे बुडबुडे ठेवतात, गोठलेल्या पाण्याला फुगायला जागा मिळते. पॅटिओवर बर्फ वितळवायचं मीठ टाकत नाही, वाळू टाकतो, आणि फावडं प्लॅस्टिकचं.

लिहायचं कारण म्हणजे रिमूव्हर. सीलर काढायला रिमूव्हर घ्याल तर डब्यावर मिथिलीन क्लोराईड आहे का बघा. इथे घरगुती वापरासाठी रंग काढायचे असले रिमूव्हर विकायला २०१९ पासून बंदी आहे, बंद बाथरूममधे वापरून लोक दगावलेत. पोर्च उघडं आहे तरी मास्क आणि जाड हातमोजे हवेतच, आणि लहान मुलं कुत्री लांब.

खवचट_खान्देशी | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

तिकडे बर्फ, इकडे काळी माती, कोकणात जांभा. जळगावात ४५ डिग्रीला काय होतं ते मी सांगू का?

रंगारी_दादा | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

सांगा ना, चेष्टा नाही, तुमच्याकडं टायरचे डाग येतात का? गाडी उन्हातून येऊन लावली की गरम टायर ॲक्रिलिक सीलरला चिकटतो, मागे घेताना सोलून काढतो.

खवचट_खान्देशी | १५ ऑक्टोबर, सकाळी ९.००

येतात. म्हणूनच तर माझ्याकडे शहाबादी आहे :)

पण चेष्टा बाजूला, भावाच्या घरी पार्किंगला रंगीत काँक्रीट आहे, त्याचं क्युरिंग (ओतल्यावर पाणी मारून ओलं ठेवणं) मे महिन्यात झालं की नाही झालं असं, सकाळी एकदा पाईप फिरवायचा आणि कामाला जायचा. आता झाडलं की लाल धूळ निघते रोज. ह्याला काही इलाज आहे?

जुना_सिव्हिल | १५ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

कोरड्या गरम हवेत किमान १० दिवस क्युरिंग करा असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं, आणि आजकाल सगळीकडे पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असतं त्याला १४ दिवस. मे महिन्यात जळगावात सकाळी एकदा पाईप म्हणजे क्युरिंग नव्हे. झालेलं उलटवता येत नाही, पण धूळ थांबवता येते. लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचे हार्डनर मिळतात, पाण्यासारखे पातळ, काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून आत घट्ट होतात. पृष्ठभाग नीट धुऊन वाळवून मारा, जास्तीचं वर साचू देऊ नका, पुसून काढा नाहीतर त्याचेच पांढरे डाग. वरचा थर फार पोकळ असेल तर मात्र घासून काढावा लागेल.

सांगलीकर_प्राजक्ता | २९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

दिवाळी झाली, आता अपडेट. लॉनकडच्या प्लॅस्टिकखाली अक्षरशः थेंब, मधल्याखाली काहीच नाही. झायलीनने मधले चट्टे गेले ते गेलेच, लॉनकडचे वाळल्यावर परत दिसायला लागले. म्हणजे काका म्हणाले ती दोन्ही दुखणी आहेत. माळी नाराज आहे पण माती उतरवली, ड्रिप आत घेतलं. त्या सीलरवाल्याने फोन उचलणं बंद केलंय.

आता नवीन भानगड, पणत्यांचं तेल सांडलंय, आणि तुळशीपाशी हळद सांडली तिथे सीलर सुटलेल्या जागी चक्क लालसर डाग पडलाय. हळदीचा लाल कसा?

एडिसनकर | ३० ऑक्टोबर, पहाटे ४.५०

हळद अल्कलीत लाल होते, सिमेंट आणि ते क्षार अल्कलाइन. कुंकू पारंपरिक पद्धतीने हळद आणि चुन्यापासूनच करतात, तुमच्या पोर्चवर घरचं कुंकू तयार झालंय. काळजी नको, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, ऊन येत असेल तर आपोआप उडेल.

रंगारी_दादा | ३० ऑक्टोबर, सकाळी ७.४५

तेलावर आधी लाकडाचा भुसा नाहीतर मुलतानी माती टाका, दिवसभर तसंच राहू दे, तेल ओढून घेतं. मग कपड्याच्या पावडरची घट्ट पेस्ट करून जाड लावा, वर प्लॅस्टिक झाका, दुसऱ्या दिवशी नायलॉन ब्रशने घासून धुवा. एकदा नाही निघालं तर परत. तारेचा ब्रश नको, त्याचे कण राहतात आणि गंजून तपकिरी ठिपके पडतात. तुमच्याकडं लोखंडी स्टँडवर कुंड्या असतील तर त्यांच्याखाली पण बघा. गंजाच्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात पातळ करून चालतं, मोझॅक पॉलिशवाल्याकडं असतंच, पण कोपऱ्यात ट्रायल घेऊन, आणि ते विषारी आहे, सांभाळून.

देवगडची_माई | ३० ऑक्टोबर, सकाळी १०.१५

शेवाळाला काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे पायऱ्यांवर जून ते ऑक्टोबर हिरवंगार. मोरचूद टाकतात इथे बरेच जण.

जुना_सिव्हिल | ३० ऑक्टोबर, दुपारी १.००

मोरचुदाने शेवाळ मरतं पण निळसर डाग पडतात आणि ते पाणी विहिरीत किंवा झाडांच्या मुळाशी गेलं तर वाईट. त्यापेक्षा ब्लीचिंग पावडरची पातळ निवळी शिंपडून दहा पंधरा मिनिटांनी ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. ब्लीचिंग आणि ॲसिड एकाच दिवशी एकाच जागी कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो. आणि सावली देणारी फांदी छाटता आली तर छाटा, अर्धं शेवाळ उन्हानेच जातं.

प्रेशर वॉशर असेल त्यांनी पंखा नोझल लावून फूटभर अंतर ठेवायचं. एकाच जागी पेन्सिल धार धरली की रंगीत थर खरवडला जातो, तिथे कायमची रेघ.

सांगलीकर_प्राजक्ता | १८ जानेवारी, रात्री १०.०५

मंडळी काम झालं, सविस्तर लिहिते कारण मला शोधताना असं एका जागी कुठे मिळालं नव्हतं.

भेगेच्या फुल्यांमधलं अंतर ऑक्टोबरपासून जवळजवळ दीड मिलिमीटर वाढलं, म्हणजे माती वाळतेय तशी उघडतेय, जिवंतच आहे. काकांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलं होतं की काळी माती पावसाळ्याअखेर जास्तीत जास्त फुगलेली आणि मे अखेर जास्तीत जास्त आकसलेली असते, त्यामुळे जानेवारीत भरली तर भेग मधल्या अवस्थेत असते आणि सीलंट दोन्हीकडे खेळतो. रंगारी दादांच्या ओळखीचा एक मुलगा मिळाला इथलाच. त्याने सगळा सीलर रिमूव्हरने काढला, हे सगळ्यात किचकट होतं, ठशाच्या फटींमधून ब्रशने काढताना दोघांचे दोन दिवस गेले. खालचा रंग बघून मला रडूच आलं, राखाडी पडलेला. पण पाणी मारल्यावर तोच विटकरी रंग आला वर! तो म्हणाला रंग उडालेलाच नाही, आयर्न ऑक्साइड उन्हाने उडत नाही, क्षारांनी झाकला गेलाय. मग आधी कोरडा ब्रश, मग पाणी मारून पातळ सल्फॅमिक ॲसिड फक्त क्षार होते तेवढ्या पट्ट्यावर, लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी, आणि परत धुणं. खूप फरक पडला. फटींमधली काळी छटा मात्र गेलीच होती बऱ्याच ठिकाणी, ती पाण्यातल्या स्टेनने परत दिली.

मग आठवडाभर वाळू दिलं, आणि प्लॅस्टिक परत चिकटवलं. मधे कोरडं, लॉनकडे अजून किंचित दव. त्यावरून आमची बरीच चर्चा झाली, मला सगळीकडे चकाकी हवी होती. शेवटी छताखालच्या भागाला पातळ ॲक्रिलिक आणि उघड्या रॅम्पला व लॉनच्या पट्ट्याला आत शिरणारा सिलेन सिलोक्सेनवाला, तो वर पापुद्रा करत नाही, ओल बाहेर जाऊ देतो, पण चमकत नाही. दोन्हींच्या मधली रेषा ठशाच्या फटीत घेतली त्यामुळे डोळ्याला खटकत नाही. ॲक्रिलिकच्या शेवटच्या कोटात बारीक घसरणरोधक पावडर मिसळली.

भेग शेवटी. दोन्ही कडा टेप लावून, आत फोमची दोरी ढकलून, वर पीयू सीलंट (रबरासारखा ताणणारा), आणि ओला असतानाच वर आमच्याच रंगाची बारीक वाळू दाबली. उभं राहून दिसत नाही, वाकून बघितलं तर दिसतं.

जुना_सिव्हिल | १९ जानेवारी, सकाळी ६.०५

फार छान. फोमची दोरी का, हे वाचणाऱ्यांसाठी: सीलंट दोन्ही भिंतींना चिकटला पाहिजे, तळाला नाही. तळाला चिकटला की ताणताना मधून फाटतो.

पोर्चचा उतार बाहेर आहे ना? दहा फुटाला सव्वा इंच तरी हवा. पाणी घालून कुठे साचतंय का बघा.

सांगलीकर_प्राजक्ता | १९ जानेवारी, सकाळी ९.४०

तुळशीपाशी एक वाटीभर साचतं. तेवढं चालेल ना?

जुना_सिव्हिल | १९ जानेवारी, सकाळी ९.५५

चालेल, पण तिथे झाडूने ओढून काढत जा. पुढचा कोट कधी हे कॅलेंडरवरून ठरवू नका. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास चार ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. मोती होऊन थांबले तर काही करायचं नाही, काँक्रीट ओलं होऊन गडद झालं तर वेळ आली. ॲक्रिलिकला साधारण दोन तीन वर्षांनी येते, तीही आधी धुऊन आणि पातळ.

खवचट_खान्देशी | १९ जानेवारी, सकाळी १०.३०

भावाच्या पार्किंगला सिलिकेट मारलं, धूळ ऐंशी टक्के बंद. काकांना जळगावची भरीत पार्टी माझ्याकडून. शहाबादीबद्दलचं मत कायम आहे.

देवगडची_माई | २ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

आमचे खळगे भरून झाले. गवंडी सत्तरीचा, घोटताना मुलाला बाजूला बसवून शिकवलं त्याने. रंग एक छटा गडद आलाय, राहू दे. ऑइलपेंटचा डबा मुलाने गेटला वापरला.

सांगलीकर_प्राजक्ता | ४ मार्च, रात्री ९.१५

रंगपंचमी आली, सोसायटीतली सगळी पोरं आमच्याच पोर्चमधे खेळतात. रंगाचे डाग बसतील का नवीन सीलरवर? सासरे म्हणतात ताडपत्री टाक.

रंगारी_दादा | ४ मार्च, रात्री ९.४०

ॲक्रिलिकच्या भागावर लगेच पाणी मारलं तर निघेल. रॅम्पवर जरा जपा, तिथं वर थर नाही, पाण्याचा रंग वर थांबेल पण पोरं जो तेलकट सिल्व्हर न् ऑइलपेंट आणतात तो बसेल. खेळायच्या आधी सगळं पोर्च साध्या पाण्यानं ओलं करून घ्या, आणि झाल्यावर वाळू द्यायच्या आत धुवा. ताडपत्री नको, ओली ताडपत्री सगळ्यात घसरडी.

सांगलीकर_प्राजक्ता | ४ मार्च, रात्री ९.५०

ओके. ऑइलपेंटवाल्यांना गेटबाहेर. सासऱ्यांना सांगते ताडपत्री कॅन्सल.